स्पार्क प्लगचा गॅप

स्पार्क प्लगचा गॅप : पेट्रोल किंवा ज्वलनशील वायूवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन एंजिनाच्या स्पार्क प्लगमध्ये मधला इलेक्ट्रोड आणि बाजूने त्याच्यावर वाकलेला, कवचाला जोडलेला इलेक्ट्रोड यांच्यातील मोकळी जागा. ठिणगी याच जागेत पडते आणि इंधन व हवेचे मिश्रण पेटवते. बहुतेक मोटारी व दुचाकींत हे अंतर ०·६ ते १·१ मिमी. असते. जुन्या मराठी तांत्रिक लेखनात प्लगला ‘ठिणगी-गुडदी’ म्हटलेले आढळते. बोलण्यात मात्र प्लग आणि गॅप हेच शब्द रुळले आहेत. नवा प्लग बसवण्याआधी गॅप पाहावा की नाही, हा वाद बराचसा तपासणे आणि जुळवणे या दोन वेगळ्या क्रिया एकच मानल्यामुळे होतो.

उगम : स्पार्क प्लगचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. एडमाँ बेर्झे यांनी १८३९ च्या सुमारास तो बनवला असे काही ठिकाणी म्हटले जाते. पण त्यांच्या नावावर पेटंट दाखवले जात नसल्याने हा दावा जपूनच घ्यावा लागतो. एत्येन लन्वार यांच्या १८६० च्या वायू एंजिनात विद्युत् ठिणगीने मिश्रण पेटवले जाई, हे निश्चित. १८९८ च्या आसपास निकोला टेस्ला, फ्रेडरिक सिम्स व रोबेर्ट बॉश या तिघांशी निगडित पेटंटांचा उल्लेख येतो. यांपैकी टेस्ला यांच्या पेटंटचा भर प्लगपेक्षा ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या मंडलावर अधिक आहे. गॅपच्या दृष्टीने मात्र बॉश यांचे सहकारी गोटलोब होनोल्ट यांनी १९०२ मध्ये सिद्ध केलेला उच्च व्होल्टतेचा मॅग्नेटो (चुंबकाच्या साहाय्याने ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे साधन) व त्याच्या जोडीचा प्लग हाच खरा टप्पा मानणे सयुक्तिक दिसते. त्याआधीच्या कमी व्होल्टतेच्या पद्धतीत सिलिंडरमधील हलते संपर्क एकमेकांपासून दूर होताना ठिणगी पडे. तेथे कायम राखायचे असे अंतरच नव्हते, त्यामुळे ते मोजण्याचाही प्रश्न नव्हता.

पुढे प्रज्वलन यंत्रणा बदलत गेली तसा गॅपही बदलला. प्लॅटिनम पॉइंट (ठिणगीसाठी मंडल यांत्रिक रीतीने तोडणारे संपर्क) व कंडेन्सरच्या काळात ०·६ ते ०·७ मिमी. पुरे असे. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आल्यावर १९७० नंतरच्या दशकात काही अमेरिकी मोटारींना १·५ ते २·० मिमी. गॅप देण्यात आला. एवढा मोठा गॅप टिकला नाही आणि तो पुन्हा कमी करण्यात आला.

भौतिकी : ठिणगी पडण्यास लागणारी व्होल्टता वायूचा दाब व अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते, हा पाशेन यांचा १८८९ चा नियम. मोकळ्या हवेत १ मिमी.साठी सुमारे ३ किलोव्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेल्यावर तोच गॅप ओलांडायला याच्या कितीतरी पट व्होल्टता लागते. म्हणूनच प्लग बाहेर काढून, एंजिनाला टेकवून पाहिलेली निळी ठिणगी फारसे काही सिद्ध करत नाही; बाहेर कडकडीत ठिणगी देणारा प्लग चढावर मिस मारू शकतो. इलेक्ट्रोडच्या कडा तीक्ष्ण असतील तर व्होल्टता कमी लागते. कडा झिजून गोल झाल्या आणि गॅप वाढला, की ही मागणी दोन्ही बाजूंनी वाढते.

गॅप जास्त असेल तर जोर देताना ठिणगी चुकते, वीज प्लगच्या चिनीमातीच्या आवरणाबाहेरून उडी मारते किंवा ठिणगीसाठी व्होल्टता वाढवणाऱ्या कॉइलचे आवरण फुटते. न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकी परिवर्तकात (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन तो तापतो, ही खर्चिक बाजू. गॅप कमी असेल तर ज्योतीचा पहिला अंकुर इलेक्ट्रोडच्या धातूलाच उष्णता देऊन विझतो. एंजिन जागच्या जागी मंद गतीने (आयडलिंगला) चालताना अडखळते आणि काजळीचा एखादा कण दोन्ही टोके जोडून प्लग बंद पाडतो.

तपासणी : ‘कारखान्यातून गॅप लावूनच येतो’ हे विधान खरे आहे, पण अपुरे. एकच प्लग अनेक एंजिनांसाठी विकला जातो आणि त्या सर्वांचा गॅप सारखा नसतो. एनजीके या कंपनीच्या प्लगाच्या क्रमांकाअखेरचा ‘-११’ म्हणजे १·१ मिमी., ‘-९’ म्हणजे ०·९ मिमी. प्रमाण मानायचा तो वाहनाच्या पुस्तिकेतील किंवा बॉनेटखालच्या पट्टीवरील आकडा. शिवाय वाहतुकीत प्लग आपटतात. पुठ्ठ्याची नळी किंवा टोपी निघालेली असेल तर बाजूचा इलेक्ट्रोड दबलेला सापडतो. जमिनीवर पडलेला प्लग गॅप नीट करूनही वापरू नये, कारण आतल्या चिनीमातीला गेलेला केसासारखा तडा दिसत नाही.

फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पत्त्यांनी फट मोजण्याच्या साधनाची) योग्य पत्ती किंचित घासत जावी, तिच्याहून ०·१ मिमी.ने पातळ पत्ती सैल जावी आणि तेवढीच जाड जाऊ नये. वापरलेल्या प्लगला तारेचे गेज लावावे. झिजून खोलगट झालेल्या टोकावर सपाट पत्ती दोन्ही कडांवर टेकते आणि खरा गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते. इंचातील आकड्यांत घोटाळा होतो : ०·०४० इंच म्हणजे जवळपास १·० मिमी.

जुळवणी : निकेलच्या साध्या प्लगचा बाजूचा इलेक्ट्रोड वाकवता येतो. गॅप वाढवायचा तर खाचेच्या साधनाने तो बाहेर ओढावा. कमी करायचा तर कठीण, सपाट पृष्ठावर हलकेच टेकवावा आणि प्रत्येक वेळी मोजावे. मधल्या इलेक्ट्रोडचा टेकू घेऊन उचकटू नये. नाण्यासारख्या गोल गेजने नेमके हेच होते. फरक ०·२ मिमी.च्या पलीकडे असेल तर बहुधा प्लगच चुकीचा आणलेला असतो. धातू पुन्हा पुन्हा वाकवला तर तुटून सिलिंडरमध्ये पडतो.

इरिडियम व प्लॅटिनम प्लगांबाबत उत्पादकांचे सल्ले जुळत नाहीत. काही जुळवणीला साफ मनाई करतात, काही सावधपणे परवानगी देतात. इरिडियमचे टोक काही प्लगांत जेमतेम ०·४ मिमी. व्यासाचे आणि ठिसूळ असते. ते पाहता तारेने मोजावे आणि आकडा जुळत नसेल तर प्लग बदलून घ्यावा, हा मार्ग अधिक सुरक्षित. दोन-चार बाजूचे इलेक्ट्रोड असलेल्या प्लगांना हात लावू नये.

बसवताना आटे आधी हातानेच धरवावेत. १४ मिमी. आट्याचा, वायसरचा नवा प्लग बोटांनी घट्ट झाल्यावर पान्याने साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा; वायसर नसलेल्या शंकूच्या बैठकीच्या प्लगाला एक-षोडशांश फेरा पुरतो.

टर्बो एंजिनांत व सीएनजीवर व्होल्टतेची गरज वाढत असल्याने गॅप अनेकदा कमी ठेवतात. विमानांच्या मॅग्नेटोवर चालणाऱ्या पिस्टन एंजिनांत जाड इलेक्ट्रोडच्या प्लगांचा गॅप ०·४ ते ०·५ मिमी.च्या आसपास असतो.