नावेतून सरकणारे व्हेनिस : मूक प्रवासपटांची पार्श्वभूमी

ऑक्टोबर 1896. व्हेनिसच्या ग्रँड कॅनॉलमधून एक गोंडोला चालली आहे. तिच्यात लाकडी पेटीसारखा कॅमेरा, आणि त्याचा दांडा हाताने फिरवणारा सिनेमाचे फ्रेंच प्रवर्तक ल्यूमिएर बंधू यांचा माणूस, अलेक्झांडर प्रोमिओ. पॅरिसमध्ये तिकीट लावून चलत्‌चित्रे दाखवायला सुरुवात झाली त्याला अजून वर्षही झाले नव्हते. तोवर कॅमेरा एका जागी रोवायचा आणि समोर जे हलेल ते टिपायचे, अशीच रीत होती: गाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात. पण शतकानुशतके उभे असलेले वाडे कसे हलवायचे? प्रोमिओने कॅमेराच नावेत ठेवला आणि वाडे पडद्यावरून सरकू लागले. मला तरी प्रवासपटाचा जन्म इथेच झालेला दिसतो.

फिल्म जेमतेम 17 मीटरची, म्हणजे सुमारे 50 सेकंदांची. चित्रण चालू असताना चौकटीत नेमके काय येते आहे, हे पाहायची सोय नव्हती. तरीही ही युक्ती लगेच पसरली. आगगाडी, ट्राम, पुढे 1898मध्ये आयफेल टॉवरची लिफ्टसुद्धा कॅमेऱ्याचे वाहन झाली. अशा दृश्यांना ‘पॅनोरामा’ म्हणत. हा शब्द चित्रकलेतून आला होता. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीभर रंगवलेली शहरे पैसे देऊन पाहण्याचा शौक युरोपात सिनेमाच्या शंभर वर्षे आधीपासून होता.

दुसरा वारसा मॅजिक लँटर्नचा, म्हणजे काचेवरच्या चित्रांवर प्रकाश टाकून पडद्यावर दाखवण्याचा. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ त्याच कुळातली. परदेशांत अशी चित्रे दाखवत व्याख्याता प्रवास सांगत असे. त्याच व्याख्यानांत चलत्‌चित्रे शिरली, त्यामुळे ‘मूक’ प्रवासपट पाहताना सभागृहात बहुतेकदा कोणीतरी बोलत असे. अमेरिकेचा बर्टन होम्स 1904च्या सुमारास आपल्या अशा कार्यक्रमांना ‘ट्रॅव्हलॉग’ म्हणू लागला आणि तो शब्द रुळला.

मग पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीने रंग आणले. फिल्मच्या इवल्याशा चौकटींवर साचे कापून रंग भरले जात, आणि हे डोळेफोडीचे काम मुख्यतः स्त्रिया करत. पॅरिसचा बँकर आल्बेर कान याची दृष्टी मात्र करमणुकीची नव्हती. बदलत्या जगाची नोंद राहावी म्हणून त्याने 1909 ते 1931 जगभर छायाचित्रकार पाठवले. काचेवरची सुमारे 72,000 रंगीत छायाचित्रे आणि जवळजवळ शंभर तासांची फिल्म जमली. 1929मध्ये सुरू झालेल्या मंदीत त्याची संपत्ती गेली आणि काम थांबले.

नोंदीची गरज किती होती, हे व्हेनिसनेच दाखवले होते. प्रोमिओच्या वेळी सेंट मार्क चौकात उभा असलेला घंटेचा मनोरा 14 जुलै 1902 रोजी सकाळी कोसळला. आज तिथे दिसतो तो 1912मध्ये पुन्हा उभारलेला.