ब्रीदरच्या नळीची जुनी गोष्ट

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीला नवं एअर इनटेक बसवताना जुना प्लास्टिकचा डबा निघतो आणि त्या जागी चकचकीत पाइप अन् शंकूसारखा लाल फिल्टर येतो. मग इंजिनच्या डोक्यावरून आलेली अंगठ्याएवढी एक रबरी नळी, म्हणजे ब्रीदर, लोंबकळत उरते. जुन्या पाइपला तिच्यासाठी तोटी होती, नव्याला नसते. बसवणारा पोरगा खोक्यातून मिरपुडीच्या डबीएवढा फिल्टर काढतो, नळीच्या तोंडावर क्लिपने आवळतो आणि बॉनेट पाडतो. माझ्या भाच्याच्या गाडीला हेच झालं. पंधरा दिवसांत, सिग्नलला उभं राहिलं की एसीतून गरम ऑइलचा वास.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत, निसटतोच. आपले मेकॅनिक त्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात. हे कोंडून राहिलं तर ऑइलचा चिखल होतो आणि दाब वाढून सील ऑइल सोडू लागतात. जुन्या गाड्यांत यावर उपाय साधा होता. क्रँककेसमधून एक नळकांडं खाली रस्त्याकडे सोडायचं, टोकाला तिरकं कापलेलं. गाडी धावली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर, आणि ऑइल भरायच्या झाकणातल्या जाळीतून ताजी हवा आत. गाडी थांबली की ओढही थांबली. त्या काळी रस्त्यावर लेनच्या मधोमध जो काळा तेलकट पट्टा दिसे, तो बराचसा याच नळकांड्यांमुळे.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांना नदीनाले ओलांडायचे होते. तिथे उघडं नळकांडं म्हणजे ऑइलमध्ये पाणी. म्हणून विलीज जीपच्या इंजिनात क्रँककेसची नळी एका व्हॉल्व्हमधून थेट इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला जोडली गेली. विलीजच्याच जीप 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने माझगावात जोडायला घेतल्या.

मोटारींसाठी मात्र ही जोडणी आली ती लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. सूर्यप्रकाशात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मिळून ते धुरकं बनतं, हे रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या दशकात दाखवलं. मग शोध सुरू झाला की गाडीतून हायड्रोकार्बन निघतात कुठून. सायलेन्सरचा वाटा सर्वांत मोठा होताच, पण साधारण पाचवा हिस्सा क्रँककेसच्या त्या नळकांड्यातून निघत होता. तो थांबवणं स्वस्तही होतं. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना 1961 च्या मॉडेलपासून पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधला वायू पुन्हा इंजिनात ओढू देणारा व्हॉल्व्ह आला, दोनेक वर्षांत तो अमेरिकाभर पसरला.

व्हॉल्व्ह तसा बोटाएवढा. आत स्प्रिंग आणि एक दट्ट्या; काढून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला पाहिजे. इंजिन आयडलला, म्हणजे पाय न दाबता नुसतं चालू असताना मॅनिफोल्डची ओढ जोरात असते. तेव्हा ब्रीदरच्या नळीतून फिल्टर झालेली हवा क्रँककेसमध्ये शिरते आणि घाण वायू घेऊन व्हॉल्व्हवाटे इंजिनात जळायला जाते. पाय दाबला की ओढ कमी आणि बॅक कॉम्प्रेशन जास्त. मग तोच वायू उलटा ब्रीदरमधून इनटेक पाइपात येतो. म्हणजे ती लोंबकळणारी नळी दोन्ही दिशांनी वाहते. किटवाल्यांना हे ठाऊक नसतं असं मला वाटत नाही.

तिच्यावर छोटा फिल्टर लावला की आपण पुन्हा नळकांड्याच्या काळात गेलो, फक्त धूर रस्त्याऐवजी बॉनेटखाली. एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत तर या वाटेने न मोजलेली हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. प्रेशर सेन्सरवर चालणाऱ्या गाडीला तो त्रास कमी, वास मात्र तेवढाच. काहीजण नळी बुजवूनच टाकतात. ते सगळ्यांत वाईट.

पीयूसीत यातलं काही पकडलं जात नाही, कारण तिथली नळी सायलेन्सरमध्ये जाते. भारत स्टेजच्या नियमांत पेट्रोल इंजिनच्या क्रँककेसमधला वायू बाहेर सोडायला परवानगी नाही, पण ती चाचणी मॉडेल मंजूर होताना होते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच.

मुंबईचं आणखी एक. दादर ते परळ एवढ्याच फेऱ्या मारणारं इंजिन पुरतं तापत नाही, पावसाळ्यात हवाही दमट. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट मलई धरते. ही वाफ बाहेर काढायला आयडलची ओढ लागते, आणि आपण निम्मा वेळ आयडललाच असतो.

भाच्याच्या गाडीला शेवटी लेथवाल्याकडून पाइपात तोटी बसवून घेतली, सेन्सरच्या पुढे आणि थ्रॉटलच्या आधी. भोक पाडण्याआधी पाइप गाडीवरून उतरवायला लावला, नाहीतर कीस सरळ इंजिनात गेला असता.