पार्श्वभूमी : बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे. मागे सोडलेली खोली १६० चौरस फुटांची.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६मध्ये ताडदेवला सुरू झाली. मग परळ, लालबाग, वरळी असे गिरणगाव पसरत गेले. कोकणातून, घाटावरून गडी एकटेच यायचे. एका गावचे वीस-पंचवीस जण एकाच खोलीत. पाळ्या वेगळ्या म्हणून निभायचे : दिवसपाळीवाला भोंग्याला निघाला की त्याच्या पथारीवर रातपाळीवाला आडवा. जेवण खानावळवालीकडे, हिशेब पगाराला. या दाटीवाटीतच १८९६चा प्लेग शिरला.

तरी सरकारने मोठ्या प्रमाणावर घरबांधणी हाती घ्यायला १९२० उजाडले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. बीडीडी ही त्याचीच आद्याक्षरे. बेत ५० हजार खोल्यांचा, आणि पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून २०७ इमारती झाल्या, खोल्या सोळा हजारांच्या आसपास. तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, संडास सामाईक. ज्यांच्यासाठी बांधल्या त्यांना भाडे परवडेना. वरळी तर तेव्हा आडबाजूला. कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. १९३०च्या कायदेभंगात सरकारने वरळीच्या चाळींत चक्क तात्पुरता तुरुंग उघडला! बिऱ्हाडे भरली ती नंतर, आणि मग इतकी की पुरुषमाणसे रात्री पॅसेजमध्येच झोपू लागली.

१८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हजारोंना पुन्हा काम मिळालेच नाही. गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश वाटा घरांसाठी ठेवणारा नियम १९९१मध्ये आला. पण २००१च्या बदलाने ही वाटणी फक्त गिरणीच्या इमारती नसलेल्या मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. उरलेल्या जागेवर मॉल आणि टॉवर आले.

बीडीडीची जमीन मात्र सरकारी होती, गिरणीमालकाची नव्हे. माझ्या मते गिरणी गेल्यावरही खोली टिकली ती मुख्यतः यामुळेच.