हवामान आणि पाण्याचा डेटा एकत्र करायचा घोळ जुनाच आहे

याची सुरुवात समुद्रात झाली. १८५३ मध्ये ब्रसेल्सला सागरी देशांची बैठक झाली, अमेरिकन नौदलाचा मॅथ्यू मॉरी त्यासाठी हात धुवून मागे लागला होता, आणि जहाजांनी वारा, हवेचा दाब, तापमान एकाच साच्यात लिहायचं असं ठरलं. साचा ठरला खरा, पण मोजायची तऱ्हा ज्याची त्याची. समुद्राच्या पाण्याचं तापमान घ्यायला कोणी बादली टाकून पाणी वर ओढायचं, ती वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी थोडं गार व्हायचं, तर कोणी इंजिनरूममध्ये येणारं पाणी मोजायचं, ते जरा गरम निघायचं. दुसऱ्या महायुद्धात इंजिनवाल्या अमेरिकन जहाजांच्या नोंदी भरपूर, युद्ध संपल्यावर बादलीवाल्या ब्रिटिश जहाजांच्या वाढल्या, त्यामुळे १९४५ ला समुद्र अचानक गार झाल्यासारखा दिसतो, आणि हे नीट ध्यानात आलं थेट २००८ मध्ये!

त्याहून भारी किस्सा जपानच्या कोबे संग्रहाचा, म्हणजे जहाजांच्या जुन्या नोंदींच्या साठ्याचा. १९३० नंतरच्या नोंदी डिजिटल करताना दशांशाचा आकडा चक्क गाळला गेला, म्हणजे २४.९ असेल तर नुसते २४. त्यामुळे उत्तर पॅसिफिक कमी तापतोय असं वाटायचं, हे पकडलं २०१९ मध्ये. म्हणून मला वाटतं डेटा जोडण्याआधी तो कोणी, कशाने मोजला ते शोधणं हेच खरं काम, बाकी कोड काय कोणीही लिहील.

पाण्याचं प्रकरण अजून किचकट. हवामानाचा महत्त्वाचा डेटा फुकट वाटायचा ठराव जागतिक हवामान संघटनेने १९९५ ला केला, पाण्यासाठी तसाच ठराव व्हायला १९९९ उजाडलं. नद्यांच्या प्रवाहाच्या नोंदी जर्मनीतल्या कोब्लेंझच्या केंद्रात १९८८ पासून जमा होतायत, पण नदी दोन देशांतून वाहत असली की आकडे द्यायला हात आखडतो. २०२१ मध्ये हवामान, पाणी, समुद्र सगळं एकाच धोरणाखाली आलं, कागदावर तरी.

मग २००२ ला ग्रेस उपग्रहांची जोडी अवकाशात गेली, ती २०१७ पर्यंत गुरुत्वाकर्षणातला फरक टिपायची, त्यावरून पाणी वाढलं की घटलं ते कळायचं, कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. फक्त ती बेरीज द्यायची: बर्फ, मातीतला ओलावा, तलाव, भूजल सगळं एकत्र. भूजल हवं तर बाकीचं संगणकाच्या मॉडेलवरून वजा करायचं, आणि मॉडेल चुकलं की ती चूक सरळ भूजलाच्या आकड्यात जाऊन बसते.