पार्श्वभूमी : दोन वर्षांचा संघ आणि काढून घेतलेली कप्तानी

२०१७ च्या आयपीएलमध्ये पुण्याचा संघ, रायझिंग पुणे सुपरजायंट, अंतिम सामन्यात एका धावेने हरला, हे कुणाला सांगावे लागत नाही. वाद अजून चालतो तो त्या मोसमाआधीच्या एका निर्णयावर. १९ फेब्रुवारीला, खेळाडूंच्या लिलावाच्या आदल्या दिवशी, धोनीची कप्तानी काढून स्टीव्ह स्मिथकडे देण्यात आली. त्या निर्णयाकडे बघताना हा संघ मुळात किती दिवसांसाठी उभा केला होता, याचा बहुतेकांना विसर पडतो.

त्याआधी पुण्याला एक संघ मिळून गेला होता. २०११ ते २०१३ असे तीन मोसम तो खेळला, तीनही वेळा गुणतक्त्याच्या तळाशी किंवा त्याच्या आसपास राहिला आणि बँक हमीच्या भांडणात संपला. त्याबद्दल इथे याहून जास्त लिहिण्यासारखे नाही.

जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली आणि ती पोकळी भरायला दोन तात्पुरते संघ हवे होते. डिसेंबरमध्ये त्यासाठी उलटी बोली लावली गेली. भारतीय क्रिकेट मंडळाच्या मध्यवर्ती उत्पन्नातून वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी मिळणार होते आणि जो सर्वांत कमी मागेल त्याला संघ मिळणार होता. पुण्याची बोली शून्याच्याही खाली, उणे १६ कोटींवर गेली. म्हणजे मंडळाकडून काही घ्यायचे नाहीच, वर पदरचे १६ कोटी द्यायचे. हातात मोसम फक्त दोन. आठवडाभरात बंदी आलेल्या संघांच्या खेळाडूंमधून निवड झाली. पहिली पसंती पुण्याची होती आणि त्यांनी साडेबारा कोटींना धोनीला घेतले. त्याच्यामागोमाग रहाणे, अश्विन, स्मिथ आणि डु प्लेसी आले.

पहिला मोसम वाया गेला. वानखेडेवर मुंबईला नऊ गडी राखून हरवल्यावर सलग चार पराभव झाले. पीटरसन, डु प्लेसी, स्मिथ आणि मिचेल मार्श हे चौघे परदेशी खेळाडू थोड्या दिवसांच्या अंतराने जायबंदी होऊन घरी गेले. स्मिथने तर गहुंजेत, पुण्याच्या घरच्या मैदानावर, गुजरातविरुद्ध शतक ठोकले, तरी सामना शेवटच्या चेंडूवर हातचा गेला. त्यातच दुष्काळ. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होते आणि इकडे खेळपट्ट्यांवर पाणी मारण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात पोचला. एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश झाला आणि पुण्याने उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळले. आदेश योग्यच होता; लोकांच्या हंड्यात पाणी नसताना मैदान हिरवे ठेवणे शोभले नसते. पण नव्या संघाला घरचा प्रेक्षक जोडायला जो वेळ लागतो, तोच हातून गेला. चौदापैकी पाच विजय आणि सातवा क्रमांक. शेवटच्या सामन्यात पंजाबविरुद्ध अखेरच्या षटकात २३ धावा हव्या असताना धोनीने सामना जिंकून दिला, तेवढेच समाधान.

आता कप्तानीकडे. धोनी स्वतःहून पायउतार झाला अशी बातमी सुरुवातीला फिरली, पण तो पायउतार झालेला नाही, आम्हीच स्मिथला नेमले आहे, हे मालकांनी स्पष्ट केले. गेला मोसम चांगला गेला नाही, तरुण नेतृत्व हवे, हे कारण दिले गेले. स्पर्धा सुरू झाल्यापासून नऊ मोसम जो माणूस फक्त कप्तान म्हणूनच खेळला होता, त्याला पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाताखाली खेळायचे होते. भारताच्या मर्यादित षटकांच्या संघाचे नेतृत्व त्याने जानेवारीत स्वतः सोडले होते. इथे मात्र ते त्याच्याकडून काढून घेतले गेले, आणि चाहत्यांना खुपले ते हेच.

क्रिकेटच्या हिशेबात मला निर्णय चुकलेला वाटत नाही. ज्या मालकाकडे एकच मोसम उरला आहे तो पुढच्या पाच वर्षांची घडी बसवत बसत नाही. स्मिथ तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार होता आणि ऐन भरात होता. घोषणेनंतर चारच दिवसांनी गहुंजेत कसोटी सुरू झाली. चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळत होता, भारताचे दोन्ही डाव कोसळले, आणि त्याच खेळपट्टीवर स्मिथने दुसऱ्या डावात १०९ धावा काढल्या. ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी जिंकली.

चुकले ते वागणे. पहिल्याच सामन्यात मुंबईविरुद्ध स्मिथने नाबाद ८४ धावा काढून विजय मिळवून दिला आणि मालकांच्या घरातल्याच एकाने, जंगलाचा राजा कोण ते आता कळले, अशा अर्थाचे ट्विट केले. आपल्याच ड्रेसिंग रूममधल्या ज्येष्ठ खेळाडूला जाहीरपणे असे डिवचण्याची गरज नव्हती. मग पुढचे तीन सामने हरले, त्यात दिल्लीकडून गहुंजेत ९७ धावांनी, तेव्हा प्रेक्षकांचा राग बाहेर आला. धोनीने मात्र एक शब्द काढला नाही. २२ एप्रिलला हैदराबादविरुद्ध १७७ धावांच्या पाठलागात त्याने ३४ चेंडूंत नाबाद ६१ धावा केल्या, आणि स्मिथला यष्ट्यांमागून क्षेत्ररचना सुचवतानाही तो दिसत राहिला.

संघाने खरी पकड घेतली ती यानंतर. लिलावात साडेचौदा कोटींना घेतलेल्या स्टोक्सने गुजरातविरुद्ध नाबाद १०३ धावा केल्या. दहा लाखांत आलेल्या राहुल त्रिपाठीने कोलकात्यात ५२ चेंडूंत ९३ धावा ठोकल्या. तो महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा, गहुंजे त्याचे घरचेच मैदान, आणि माझ्या मते या संघाने पुण्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच. तीस लाखांच्या उनाडकटने हैदराबादविरुद्ध अखेरचे षटक निर्धाव टाकत हॅटट्रिक घेतली. अश्विन दुखापतीमुळे बाहेर होता. त्याच्या जागी आलेल्या सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने वानखेडेवरच्या क्वालिफायरमध्ये १६ धावांत तीन बळी घेतले, आणि त्याच सामन्यात धोनीच्या २६ चेंडूंतल्या ४० धावांनी पुणे अंतिम फेरीत गेले.

२१ मे, हैदराबाद. समोर १३० चे लक्ष्य, शेवटच्या षटकात ११ हवेत. पहिल्या चेंडूवर चौकार, पुढच्या दोन चेंडूंवर दोन बळी, त्यातला दुसरा ५१ वर खेळणारा स्मिथ. शेवटच्या चेंडूवर चार हवे असताना दोन धावा झाल्या आणि तिसरी घेताना फलंदाज धावचीत झाला. स्टोक्स त्याआधीच इंग्लंडला परतलेला होता. सामना जिंकला असता तरी संघ त्या रात्रीनंतर उरणार नव्हताच.

२०१८ मध्ये चेन्नई परतली, धोनी पुन्हा कप्तान झाला आणि त्याने विजेतेपदही मिळवले. कावेरीच्या पाण्यावरून झालेल्या आंदोलनामुळे चेन्नईचे उरलेले घरचे सामने त्या वर्षी गहुंजेला हलवले गेले, आणि जिथे एक वर्ष आधी त्याची कप्तानी गेली होती तिथेच पिवळी स्टँडे त्याच्या नावाने दणाणली. पुण्याच्या मालकांनी २०२१ मध्ये ७,०९० कोटी मोजून लखनौचा संघ घेतला आणि ‘सुपर जायंट्स’ हे नाव तिकडे नेले. २०२२ मध्ये लीग दहा संघांची झाली, साखळीचे सगळे सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाले, पण पुण्याचा संघ त्यात नव्हता.