पट्टी बारीक होते, पण तुटत का नाही?

दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून तिची बोटभर रुंद पट्टी कापा. कड सरळ येऊ द्या, खाच राहिली तर पट्टी तिथूनच फाटेल. आता दोन्ही टोकं धरून सावकाश ओढा. आधी ती थोडी ताणेल आणि मग एका जागी एकदम बारीक होईल, कंबर आल्यासारखी. वाटतं, आता तुटलीच! पण तुटत नाही. ओढत राहिलात तर ती कंबर आणखी बारीक न होता लांबत जाते आणि तिचे दोन्ही खांदे टोकांकडे सरकू लागतात.

लोखंडाच्या सळईला अशी कंबर आली की सळई तिथेच तुटते. इथे मात्र बारीक झालेला भागच दणकट ठरतो. "प्लास्टिक रबरासारखं ताणतं" हे म्हणणंही इथेच चुकतं. रबर सोडलं की मागे येतं, ही पट्टी लांबलेलीच राहते, कारण तिच्या आतली मांडणीच बदललेली असते.

दुधाची पिशवी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्या. एक लाख रेणुभाराची (म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या साधारण लाखपट वजनाची) साखळी पूर्ण ताठ केली तर सुमारे 900 नॅनोमीटर भरेल; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पण पॉलिथिनमधले स्फटिक, म्हणजे साखळ्या शिस्तीत रचलेले भाग, हे जेमतेम 10 ते 20 नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे असतात. एवढी लांब साखळी त्यांत मावते कशी? साडीच्या निऱ्यांसारखी, पुन्हा पुन्हा दुमडून. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल विद्यापीठातले शास्त्रज्ञ अँड्र्यू केलर यांनी 1957 साली हे मांडलं. दोन पापुद्र्यांच्या मधे मात्र शिस्त नसते, तिथे साखळ्यांचा नुसता गुंतवळ असतो, मऊ आणि लवचीक. म्हणूनच हा पदार्थ 'अर्धस्फटिकी'. काही साखळ्या एका पापुद्र्यातून निघतात, गुंतवळ ओलांडतात आणि पलीकडच्या पापुद्र्यात शिरतात. मी त्यांना टाके म्हणतो. सगळी गंमत या टाक्यांची आहे.

पट्टी ओढली की आधी गुंतवळ ताणला जातो. इथवर सोडून दिलं तर तो बराचसा मागे येतो. आणखी ओढलं की टाक्यांमधून ओढ पापुद्र्यांपर्यंत पोचते. पापुद्रे कलतात, त्यांच्यातले थर पत्त्यांच्या जोडासारखे एकमेकांवरून घसरतात, मग त्यांचे ठोकळे सुटे होतात. निऱ्या उलगडतात आणि ते ठोकळे ओढीच्या दिशेने एकामागे एक लागून बारीक तंतू बनतात. हे चित्र भौतिकशास्त्रज्ञ अँटोन पीटरलिन यांचं. रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्लोरी यांचं म्हणणं वेगळं होतं: साखळ्या इतक्या गुंतलेल्या आहेत की स्फटिक काही अंशी वितळून पुन्हा जमल्याशिवाय हे घडणं अवघड. मला वाटतं दोन्ही घडत असावं, तापमान आणि ओढण्याचा वेग यांनुसार कमीजास्त.

आता कोडं सुटतं. आधी ओढ पेलत होती ती शेजारशेजारच्या साखळ्यांमधली दुबळी आकर्षणं. कंबरेत साखळ्या ओढीच्या दिशेने लागल्या, त्यामुळे भार कार्बन-कार्बन बंधांवर आला आणि ते कितीतरी मजबूत. साहजिकच कंबर टिकून राहते, शेजारचा न ताणलेला भाग हार मानतो आणि खांदा पुढे सरकतो.

   

1930 साली अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमधून धागा ओढला. थंड झाल्यावर तो पुन्हा ओढला तर कित्येक पट लांबला, वर चिवट झाला. नायलॉनच्या धाग्यालाही पुढे हीच ओढ दिली गेली. अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिन द्रावणातून काढून तीस-तीस पट ओढलं की त्याच्या धाग्यांपासून गोळी अडवणारी जाकिटं बनतात. रसायन दुधाच्या पिशवीचंच!

खताच्या गोणीची एक पट्टी उसवून बघा. ती पॉलिथिनच्या भावंडाची, पॉलिप्रॉपिलीनची. हाताने ओढून ती फारशी लांबणार नाही, कारण तिची कंबर कारखान्यातच टोकापासून टोकापर्यंत फिरून गेलेली असते. पण नख लावलंत तर उभी सरळ चिरत जाईल, कारण आडव्या दिशेला साखळ्यांना धरून ठेवायला पुन्हा तीच दुबळी आकर्षणं उरलेली असतात.