लिलावात घेतलेली ऑस्ट्रेलियन रेड वाइन पुन्हा विकताना: मेलबर्नमधील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पेनफोल्ड्स ग्रेंज, हेन्श्के हिल ऑफ ग्रेस यांसारख्या नामांकित वाइनच्या बाटल्या लिलावात घ्यायच्या, काही वर्षे जपायच्या आणि चांगला भाव आला की विकायच्या, असा विचार घेऊन अनेक मराठी ग्राहक आमच्या पेढीकडे येतात. पहिल्या भेटीत आम्ही त्यांना जे सांगतो तेच या पत्रकात लिहून देत आहोत. आम्ही स्वतः लिलाव करीत नाही. ग्राहकाच्या बाटल्या तपासणे, त्यांची नोंद व छायाचित्रे तयार करणे आणि त्या परवानाधारक लिलावगृहाकडे पोहोचवणे, एवढेच आमचे काम आहे.

आधी हिशेब

लिलावातील बोलीची रक्कम ही ना खरेदीदाराने मोजलेली रक्कम असते, ना विक्रेत्याच्या हाती पडलेली. शुल्काचे दर प्रत्येक लिलावगृहाचे वेगळे असतात, म्हणून केवळ उदाहरणादाखल असे धरू की खरेदीदाराकडून बोलीवर 15 टक्के प्रीमियम, विक्रेत्याकडून 10 टक्के कमिशन आणि या दोन्ही शुल्कांवर 10 टक्के जीएसटी घेतला जातो. आपल्याला एखादी बाटली 600 डॉलरांच्या बोलीला मिळाली, तर 90 डॉलर प्रीमियम आणि त्यावरील 9 डॉलर जीएसटी धरून ती आपल्याला 699 डॉलरांना पडते. पुढे ती विकताना बोलीतून 11 टक्के वजा होणार असल्यामुळे, नुसते 699 डॉलर परत मिळण्यासाठी बोली सुमारे 786 डॉलरांपर्यंत जावी लागते. म्हणजे भाव 31 टक्के वाढला तरी नफा शून्यच राहतो, आणि त्यात साठवणुकीचे भाडे व विमा अजून धरलेला नाही. शिवाय त्या वेळी 786 ची बोली लावणारा पुढचा ग्राहक स्वतःचा प्रीमियम मिळवून सुमारे 916 डॉलर मोजत असतो. तीच बाटली त्याला दुकानात त्याच्या आसपासच्या किमतीला मिळत असेल, तर तो लिलावाच्या वाटेला जाणार नाही.

ग्रेंजच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घ्यावे. नवे व्हिंटेज, म्हणजे एका विशिष्ट वर्षाच्या द्राक्षांची वाइन, बाजारात येते तेव्हा त्याची छापील किंमत मोठी असते, परंतु अलीकडच्या वर्षांच्या बाटल्या लिलावात त्याहून बऱ्याच कमी किमतीला मिळताना दिसतात. त्यामुळे दुकानातून नवी ग्रेंज घेऊन ती लगेच लिलावात विकण्याचा विचार कोणी करीत असल्यास आम्ही त्याला स्पष्ट नकार देतो.

कोणत्या बाटलीला मागणी असते

मागणीचा अंदाज घेण्यासाठी लँग्टन्स या लिलावगृहाने 1990 पासून प्रसिद्ध केलेली ऑस्ट्रेलियन वाइनची वर्गवारी उपयोगी पडते, कारण ती परीक्षकांच्या गुणांवर नव्हे तर दुय्यम, म्हणजे पुनर्विक्रीच्या, बाजारातील मागणीच्या दीर्घ नोंदीवर आधारलेली आहे. ग्रेंज आणि ईडन व्हॅलीतील हिल ऑफ ग्रेस ही त्यातील सर्वपरिचित नावे आहेत. क्लेअर व्हॅलीतील वेंडूरी, यारा व्हॅलीतील माउंट मेरी आणि मार्गारेट रिव्हरमधील मॉस वुड व कलन यांच्या बाटल्यांनाही जाणकार ग्राहक असतात. यांखेरीज इतर नावांच्या बाटल्या विक्रीसाठी घ्यायच्या असतील तर खरेदीपूर्वी आम्हाला विचारावे.

नावाइतकेच वर्ष महत्त्वाचे असते, आणि ग्रेंजचा इतिहास पाहिला की त्याचे कारण कळते. पेनफोल्ड्सचे वाइनमेकर मॅक्स शुबर्ट 1950 मध्ये युरोपात गेले, फ्रान्समधील बोर्दोची दीर्घकाळ टिकणारी वाइन त्यांनी पाहिली आणि परत आल्यावर 1951 मध्ये मुख्यतः शिराझ द्राक्षांपासून प्रायोगिक वाइन केली. ती विक्रीसाठी नव्हतीच आणि बहुतेक वाटून टाकली गेली, त्यामुळे आज उरलेल्या मोजक्या बाटल्यांना लिलावात एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक बोली लागलेली आहे. सुरुवातीला या वाइनवर इतकी टीका झाली की 1957 मध्ये व्यवस्थापनाने शुबर्ट यांना ती बंद करण्यास सांगितले. त्यांनी 1957, 1958 आणि 1959 ची वाइन व्यवस्थापनाच्या नकळत केली आणि 1960 पासून पुन्हा उघडपणे उत्पादन सुरू झाले. या तीन वर्षांची वाइन थोडीच झाली. ज्यांना 1951 पासूनचा सलग संच पुरा करायचा असतो, ते संग्राहक अशा वर्षांसाठी मोठी किंमत देतात. चवीशी त्याचा फारसा संबंध नसतो. याउलट 1971, 1986 किंवा 1990 या वर्षांची मागणी वाइनच्या दर्जामुळे आहे. 1990 च्या ग्रेंजला ‘वाइन स्पेक्टेटर’ या अमेरिकी मासिकाने 1995 ची सर्वोत्तम वाइन ठरवले होते. जी वर्षे संग्राहकांनाही हवी नसतात आणि पिणाऱ्यांनाही विशेष वाटत नाहीत, त्यांच्या बाटल्यांचा भाव वर्षानुवर्षे जागचा हलत नाही.

जन्मवर्षाची बाटली भेट देण्याची प्रथाही या बाजाराला थोडा आधार देते. न्यू साउथ वेल्सचे तत्कालीन प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, बॅरी ओ’फॅरेल यांचा जन्म 1959 चा, आणि त्यांना भेट मिळालेली ग्रेंजही 1959 चीच होती. अशी बाटली मिळाल्याचे त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगासमोर नाकारले, परंतु त्यांच्या हातची आभाराची चिठ्ठी पुढे आली आणि एप्रिल 2014 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बाटलीची कागदपत्रे किती बोलतात हे आमच्या ग्राहकांना समजावताना आम्हाला हे उदाहरण नेहमी आठवते.

बाटली आणि तिचे कागद

लिलावगृहाचे मूळ बिल, लॉट (एकत्र बोलीला मांडलेल्या बाटल्या) क्रमांक, साठवणुकीच्या पावत्या आणि मूळ लाकडी पेटी यांपैकी काहीही टाकू नये. बाटली पूर्वी कोणाकडे व कोणत्या स्थितीत होती हे दाखवता आले, तर एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांपैकी कागद असलेल्या बाटलीला अधिक बोली लागते. जुन्या ग्रेंजच्या बनावट बाटल्या आढळलेल्या असल्याने मोठ्या किमतीच्या बाटलीसाठी लिलावगृह हे कागद मागतेच.

खरेदी झाल्यावर बाटली घरी नेऊ नये, तर लिलावगृहातून थेट व्यावसायिक साठवणगृहात हलवावी, असा आमचा आग्रह आहे. तेथे तापमान साधारण 12 ते 15 अंश सेल्सिअसवर स्थिर असते आणि हवेत पुरेशी आर्द्रता असल्याने बूच सुकत नाही. मेलबर्नच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, त्या दिवशी गाडीच्या डिकीत राहिलेली पेटी दहा वर्षांची निगा एका दुपारी वाया घालवू शकते. उष्णतेने वाइन प्रसरण पावून बूच वर सरकते आणि कडेने गळती होते. खरेदीदार हेच आधी पाहतो. बूच लावलेल्या बाटलीतील वाइन काळानुसार थोडी थोडी कमी होते. वीस वर्षांच्या बाटलीत ती मानेच्या तळाशी असेल तर ते उत्तम लक्षण आहे, जुन्या बाटलीत खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरलेली चालते, परंतु खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर किंमत झपाट्याने घसरते. लेबलावर डाग असला तरी ते पुसण्याचा प्रयत्न करू नये.

पेनफोल्ड्स कंपनी 1991 पासून पंधरा वर्षांहून जुन्या आपल्या रेड वाइनसाठी बूच बदलण्याची क्लिनिक भरवते. तेथे गरज असलेली बाटली उघडून चाखली जाते, वाइन चांगली असल्यास थोडी भर घालून नवे बूच बसवले जाते आणि मागील बाजूस प्रमाणपत्राचे लेबल लागते. वाइन बिघडलेली निघाली तर प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्या बाटलीचे पुनर्विक्रीचे मूल्य जवळजवळ संपते. म्हणून पातळी चांगली असलेली बाटली केवळ प्रमाणपत्रासाठी उघडून घेऊ नये, असे आमचे मत आहे.

कायदा आणि वेळ

व्हिक्टोरियात परवान्याशिवाय मद्य विकता येत नाही, म्हणून व्हॉट्सॲपच्या गटावर किंवा मंडळाच्या ओळखीत बाटल्यांची विक्री करू नये. परवानाधारक लिलावगृहामार्फत केलेली विक्री हाच सरळ मार्ग आहे. स्वतःच्या निवृत्तिनिधीतून, म्हणजे एसएमएसएफमधून, वाइन घेतली असेल तर ती सदस्याच्या घरी ठेवता येत नाही, पिता येत नाही आणि खरेदीपासून सात दिवसांच्या आत तिचा विमा निधीच्या नावाने उतरवावा लागतो. करआकारणीबाबत आपल्या अकाउंटंटचा सल्ला घ्यावा, विशेषतः वारंवार खरेदी-विक्री होत असेल तर.

एकाच वर्षाच्या बारा बाटल्या एकाच लिलावात मांडल्यास त्या परस्परांचाच भाव पाडतात, म्हणून आम्ही त्या दोन-तीन लिलावांत विभागतो. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचे नाही ती किंमत, अवास्तव ठेवल्यास लॉट परत येतो आणि पुन्हा मांडण्याचा खर्च वाढतो. चीनने मार्च 2021 पासून ऑस्ट्रेलियन वाइनवर लादलेले 116 ते 218 टक्क्यांचे शुल्क मार्च 2024 मध्ये उठवले. तेव्हापासून भाव वाढणारच असे अनेकजण आम्हाला ठासून सांगतात, तथापि आम्ही कोणत्याही ग्राहकाला तशी हमी देत नाही.

बाटल्या भारतात नेऊन विकता येतील का, असेही विचारले जाते. डिसेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार महागड्या वाइनवरील आयात शुल्क सुरुवातीला 150 वरून 75 टक्क्यांवर आले आणि त्यानंतर ते टप्प्याटप्प्याने आणखी उतरत आहे, परंतु ही सवलत रीतसर आयातीसाठी आहे. प्रवासात सामानातून शुल्काविना दोन लिटरपर्यंत, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या नेता येतात, आणि त्या आप्तांसोबत पिण्यासाठी असतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय त्या विकणे हा गुन्हा आहे, आणि अशा व्यवहारात आमची पेढी साहाय्य करीत नाही.

विक्रीचा विचार असल्यास प्रत्येक बाटलीचे पुढून, मागून आणि मानेजवळून उजेडासमोर धरून काढलेले छायाचित्र व मूळ बिलाची प्रत आमच्याकडे पाठवावी. बाटल्या मात्र आम्ही सांगेपर्यंत साठवणगृहातून हलवू नयेत.